फुलीचं घर

जानेवारी २०१४. नागाळा पार्कातल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटची बेल वाजली, तेव्हा पोरगं नुकतंच झोपलं होतं. सात महिन्यांचं होतं, आणि त्याची दुपारची झोप म्हणजे माझी तासाभराची सुट्टी. दार उघडलं तर दोघी बायका. एकीच्या खांद्याला व्हॅक्सिन कॅरिअर, म्हणजे लसीचा बर्फाचा डबा, दुसरीच्या हातात पॅडला लावलेला तक्ता. "बाळाला रविवारी डोस पाजला का, मॅडम?" मी म्हटलं, त्याचं सगळं प्रायव्हेटला चालू आहे. ती म्हणाली, "तो तुमचा वेगळा, हा वेगळा. हा सगळ्यांना एकदम द्यायचा असतो." मी हसून म्हटलं, "अहो, गेला की आता पोलिओ. पेपरात आलंय."

खोटं बोलत नव्हते मी. देशातला शेवटचा रुग्ण, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातली दीड वर्षाची मुलगी, तिला १३ जानेवारी २०११ ला लकवा झाला होता. त्याला नुकतीच तीन वर्षं पूर्ण झाली होती. कौतुकाच्या बातम्या चालू होत्या. त्या बाईनं वाद घातला नाही, तिला अजून दोन मजले चढायचे होते. दाराशेजारच्या भिंतीवर खडूनं काहीतरी लिहिलं आणि दोघी गेल्या.

बुधवारी आई गावाहून आली. पिशवीत हरभऱ्याची भाजी, मेथी, आत्यानं शिवलेली दोन झबली. मी दार उघडून आत वळले, तरी ही बाहेरच. "ये की आत," म्हटलं तर उत्तर नाही. ती भिंतीकडं बघत होती. भिंतीवर फुली होती.

आमच्या आईनं करवीर तालुक्यातल्या आमच्या गावात वीस-बावीस वर्षं अंगणवाडी चालवली. पोलिओच्या आठवड्यात तिच्या लेखी जगात दोनच प्रकारची घरं असत, पीची आणि फुलीची. इंग्रजी पी म्हणजे घरातली पाच वर्षांखालची सगळी पोरं झाली. फुली म्हणजे एखादं तरी राहिलं. झोपलंय, मामाकडं गेलंय, तापानं फणफणलंय किंवा घरची माणसं नको म्हणतायत, कारण काहीही असो, फुली ती फुली. संध्याकाळी सुपरवायझर झालेली घरं विचारत नसे, "फुल्या किती?" एवढंच विचारायचा.

आणि तिच्या लेकीच्या दारावर फुली.

मला ती एक अक्षर बोलली नाही. झोपलेलं पोरगं दुपट्यात गुंडाळलं, रिक्षा केली, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जाऊन आली. डाव्या करंगळीच्या नखावर जांभळी खूण घेऊन पोरगं परत आलं ते खिदळतच. मग आईनं पदराचं टोक नळाखाली ओलं केलं, फुली पुसली, पिशवीतून खडू काढला आणि तिथं पी लिहिला. नोकरी सुटून दोन वर्षं झाली होती. खडू मात्र होता.

हे सगळं आठवायला कारण असं, की हल्ली पोलिओच्या बातम्या वाचताना मला ती भिंत दिसते. टक्केवारीच्या आडून फुल्या दिसत राहतात.

आकडे खरंच मोठे आहेत, नाही म्हणायचं कारण नाही. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं पोलिओ संपवायचा ठराव केला, तेव्हा सव्वाशे देशांत मिळून वर्षाला अंदाजे साडेतीन लाख मुलं पांगळी होत होती. ठरावात मुदत होती २००० सालची. विषाणूचे तीन प्रकार. दुसरा प्रकार शेवटचा सापडला आपल्याच देशात, अलीगढला, १९९९ मध्ये. तिसरा २०१२ मध्ये नायजेरियात. दोन्ही गेले, तसं अधिकृतपणे जाहीरही झालं. आफ्रिका खंड २०२० च्या ऑगस्टमध्ये मूळ, म्हणजे निसर्गातल्या, विषाणूपासून मुक्त जाहीर झाला. राहिला फक्त पहिला प्रकार, आणि त्याची घरं दोन: पाकिस्तान आणि अफगाणिस्तान. २०२३ मध्ये दोन्हीकडं मिळून फक्त १२ रुग्ण. झालंच की, असं वाटलं. २०२४ मध्ये पाकिस्तानात ७४, अफगाणिस्तानात २५. म्हणजे ९९.

देवीचा रोग संपला, मग हा का संपेना, असं आत्या एकदा म्हणाली होती. देवीचा रोगी लपत नसे. अंगभर फोड घेऊन तो दिसायचाच. त्याला वेगळा ठेवा, भोवतालच्यांना टोचा, संपलं. पोलिओत दोनशेजणांना लागण झाली तर जेमतेम एकाचा पाय जातो. बाकीचे खेळतात, जेवतात, परसाकडं जातात आणि विषाणू वाटत फिरतात. एक पांगळं पोर दिसलं याचा अर्थ आळीतल्या दोनशे पोरांना लागण आधीच होऊन गेलीय. म्हणून रोग्याच्या मागं धावून उपयोग नाही, प्रत्येक दारात जावं लागतं. म्हणून खडू.

आता आत्याबद्दल.

आत्या साधारण १९६४ चा जन्म. दोन वर्षांची असताना ताप आला. आजोबांनी तिला खांद्यावर घालून एका डॉक्टरकडं नेलं. त्यानं मांडीत इंजेक्शन दिलं. तेव्हा सुई टोचली नाही तर औषध दिलं असं कुणाला वाटतच नसे, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडं अजूनही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं तिला उभी केली तर उजवा पाय चिंधीसारखा. तोच पाय, ज्यात सुई टोचली होती. "डॉक्टरनं माझ्या लेकीचा पाय घेतला," हे वाक्य आजोबांनी मरेपर्यंत सोडलं नाही. त्या डॉक्टरच्या गल्लीतनं ते कधी गेले नाहीत, लांबचा वळसा घालून बाजाराला जायचे.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकले तेव्हा घरी येऊन फुशारकीनं सांगितलं, की हा अडाणीपणा आहे, पोलिओ विषाणूनं होतो, सुईनं नाही. आजोबा तेव्हा नव्हते. आत्यानं मशीन थांबवलं, माझ्याकडं बघितलं आणि परत चालू केलं. शिलाईचं मशीन ती डाव्या पायानं चालवायची, उजव्याला कॅलिपर आणि जड बूट.

बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं, की आजोबा अगदीच चूक नव्हते. पोलिओचा विषाणू अंगात असताना स्नायूत सुई टोचली, तर त्याच अवयवाला लकवा होण्याचा धोका वाढतो. इंग्लंडमध्ये १९५० च्या सुमारास डॉक्टरांच्या हे लक्षात आलं होतं. विषाणू नसता तर सुईनं काही झालं नसतं. पण सुई नसती तर? कदाचित आत्या त्या बाकीच्या १९९ मधली झाली असती. साधा ताप, दोन दिवसांत उतरला असता. हे मी तिला सांगायला गेले तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आबा म्हणत हुते की."

तोंडात टाकायच्या थेंबांवर मात्र तिचा राग नव्हता. सुई नाही, हेच तिला पहिलं पसंत पडलं. हीच त्या लसीची खरी करामत. नर्स लागत नाही, सिरिंज लागत नाही, आमच्या आईसारखी बाई तासाभराच्या प्रशिक्षणात ती देऊ शकते. बर्फात मात्र ठेवावी लागते. बाटलीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन असतो. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. उन्हानं तापून तो गडद होत गोलाच्या रंगाला आला, की बाटली बाद. रविवारी शाळेच्या व्हरांड्यात बूथ लागायचा आणि मी करंगळ्या रंगवायला बसायचे. आई दर बाटलीचा चौकोन उजेडात धरून बघायची, जोंधळा निवडावा तसा.

आईनं पहिल्याच वर्षी आत्याला विचारलं होतं, "वन्सं, तुमी नुसतं येऊन बसा बूथवर." आत्या भडकली. "मला दाखवायला न्हेतीस व्हय, वहिनी? ह्यो बघा, असा पाय हुतोय म्हणून?" आईनं परत विषय काढला नाही. तिसऱ्या वर्षी आत्या आपण होऊन आली आणि टॅली शीट, म्हणजे पोरांच्या मोजणीचा तक्ता, ओढून घेतली. तिचं अक्षर मोत्यासारखं. "बघणाऱ्यानं काय बघायचं ते बघू दे," म्हणाली. मग दर वर्षी यायची.

तिकडं उत्तर प्रदेश-बिहारात काय चाललं होतं हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आमच्याकडं पी लिहून लिहून खडू झिजत होते, आणि तिकडं पोरं आठ-आठ, दहा-दहा डोस घेऊनही पांगळी होत होती. दाट वस्ती, उघडी गटारं, सततचे जुलाब. आतड्यात इतर जंतूंची इतकी गर्दी, की लसीला मूळ धरायला जागा नाही. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण झाले, जगातले जवळपास निम्मे. बाहेरचे तज्ज्ञ म्हणायचे, जगात सगळ्यात शेवटी सुटेल तो भारत. मग २०१० मध्ये दोन प्रकारांवरची नवी लस आली, त्या दोन राज्यांतले सगळ्यात वाईट १०७ तालुके निवडून तिथं जोर लावला गेला, रेल्वे फलाटांवर, वीटभट्ट्यांवर, जत्रांत पोरं गाठली गेली. त्या वर्षी ४२ रुग्ण. पुढच्या वर्षी एक. नंतर शून्य.

तिथल्या काही वस्त्यांत, 'हे पाजलं की पोरं पुढं वांझ होतात' अशी अफवा होती. मौलवी, शिक्षक, आळीतल्या म्हाताऱ्या बायका यांना बरोबर घेऊन ती उतरवली गेली. फार सोपं करून सांगतात हे सगळीकडं: अडाणी लोक, अफवा, मग प्रबोधन. मला ते तितकं पटत नाही. वर्षानुवर्षं ज्या वस्तीत डॉक्टर फिरकत नाही, नळ येत नाही, तिथं अचानक महिन्या-दोन महिन्यांनी सरकारी माणसं फुकट औषध घेऊन दारात उभी राहतात; शंका न येणं हेच नवल.

आणि कधीकधी शंका खरी निघते. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा ठावठिकाणा शोधायला अमेरिकी गुप्तहेर खात्यानं ॲबटाबादमध्ये लसीकरणाची खोटी मोहीम चालवली. लस काविळीची होती, पोलिओची नव्हे. पण दार वाजवणारी बाई हेर असू शकते, हे एकदा खरं ठरल्यावर बारकावे कोण बघतो? २०१२ च्या डिसेंबरपासून पाकिस्तानात डोस पाजणाऱ्या बायकांना आणि त्यांच्यासोबतच्या पोलिसांना गोळ्या घातल्या जाऊ लागल्या, आणि ते थांबलेलं नाही. आमच्या आईसारख्याच बायका. आमच्या आईला फार तर कुत्रं चावलं असतं.

२०२२ च्या उन्हाळ्यात आत्यानं पेपर पुढं सरकवला. "न्यूयॉर्कात पोलिओ? तिथं कसा काय गं?" न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड परगण्यात एका लस न घेतलेल्या तरुणाचे पाय गेले होते. लंडनच्या सांडपाण्यातही विषाणू सापडला होता. मी सांगत बसले, की हा मूळ विषाणू नाही. तोंडावाटे देतात त्या लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो पोराच्या आतड्यात वाढतो, शौचावाटे बाहेर पडतो, शेजारच्या पोरालाही शिवतो, आणि त्यालाही फुकटात लस मिळते. चांगलंच आहे. पण जिथं पुष्कळ पोरं लसीवाचून राहिलीत, तिथं तो महिनोन्‌महिने फिरत राहतो, बदलत जातो, आणि एक दिवस त्याला परत मूळचे दात फुटतात.

"म्हंजे औषधातनंच झाला."

"तसं नाही गं. सगळ्यांनी घेतलं असतं तर…"

"पर औषधातनंच."

"हो."

आत्यानं पेपरची घडी घातली. "मग आबांचं काय चुकत हुतं?"

उत्तर मला अजून नीट देता आलेलं नाही. हे थेंब नसते तर आणखी लाखो पोरं पांगळी झाली असती, हे सांगितलं. तिनं मान डोलावली, तिला ते कळतंच. पण आज जगात दर वर्षी मूळ विषाणूपेक्षा लसीतून उलटलेल्या विषाणूनं जास्त मुलं पांगळी होतात, हेही तितकंच खरं, आणि ते दबक्या आवाजात सांगितलं जातं. दुसऱ्या प्रकारचा मूळ विषाणू गेला, तेव्हा २०१६ च्या एप्रिलमध्ये जगभर एकाच वेळी लसीतून तो प्रकार काढून टाकला. हिशोब बरोबर वाटत होता. पण त्या प्रकाराचे उलटलेले विषाणू आधीच कुठंकुठं फिरत होते, आणि नवी जन्मलेली पोरं त्याच्यापुढं उघडी पडली. मोहिमेनंच नेमलेल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये हा निर्णय सपशेल फसला असं लिहून दिलं. मला ते लिहून देणं आवडलं. आजोबांना कुणी असं लिहून दिलं असतं, तर कदाचित ते त्या गल्लीतनं गेले असते.

आता सहजी न उलटणारी नवी लस आली आहे, २०२१ पासून वापरतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गाझात दहा महिन्यांचं बाळ पांगळं झालं, पंचवीस वर्षांत पहिलं. तेव्हा ठरावीक तास बाँबफेक थांबवून हीच लस पाजली गेली. बाँब थांबवता येतात, ते थेंब पाजण्यापुरते, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच महिन्यात मेघालयात गारो टेकड्यांतल्या एका दोन वर्षांच्या पोराची बातमी आली. तोही लसीतून उलटलेला विषाणू.

आमच्याकडंही लस थोडी बदलली. थेंब आहेतच, पण २०१५ च्या शेवटापासून मेलेल्या विषाणूची सुईही आली. ती कधी उलटत नाही. माझ्या भाचीला ती दिली तेव्हा आत्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.

एक गोष्ट मात्र मला नेहमी खटकते. हा रोग पसरतो कशानं, तर विष्ठेनं नासलेल्या पाण्यानं आणि हातांनी. आमच्या कोल्हापुरात जयंती नाला आजही पंचगंगेला काय काय नेऊन घालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली, ती पाण्यानंच. पोलिओचा विषाणू आता मुंबईच्या गटारात शोधतात, २००१ पासून नमुने तपासतात, फार हुशारीचं काम आहे. गटार तपासायची अक्कल आली, गटार झाकायची राहिली. दोन थेंब स्वस्त पडतात हे मान्य. पण आईला पालावरच्या बायका पाण्याबद्दल जे विचारायच्या त्याचं उत्तर त्या थेंबांत नव्हतं.

आत्या आता साठीच्या पुढं गेली. चार वर्षांपूर्वी तिचा चांगला पाय, डावा, थकायला लागला. डॉक्टर म्हणाले, पोलिओनंतर कितीतरी वर्षांनी असं होतं. मेलेल्या मज्जातंतूंचं काम उरलेले तंतू जन्मभर ओढतात आणि मग तेही दमतात. मशीनला मोटर बसवून घेतली. संपलेला पोलिओ आमच्या घरात असा चालू आहे. मोहिमेची मुदत आता मूळ विषाणूसाठी २०२७ आणि उलटलेल्यासाठी २०२९ अशी सरकली आहे. २०२५ मध्ये अमेरिकेनं जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडायचं जाहीर केलं, पैसा आटतोय. आत्या ह्या बातम्या वाचते, पण हल्ली काही विचारत नाही.

आई त्या बुधवारी गप्प का राहिली, ते तिनं मला पुढं कधीतरी भांडी घासताना सांगितलं. सांगितलं म्हणजे आठवण करून दिली, कारण मी तिथं होते. मी दहावीला होते. गळीत हंगाम ऐन भरात, गावाबाहेरच्या उसाच्या फडाशेजारी बीडकडची ऊसतोड टोळी उतरलेली. पाचट आणि वाढ्यांच्या कोप्या, चुलीवर भाकरी, कोपीमागं बैल. तीन कोप्यांतली पोरं झाली. चौथीतल्या बाईनं पाय पसरून पोराला थोपटत सांगितलं, "आत्ताच निजलंय बाई, दोन दिस ताप व्हता. उद्या या." आणि मग, "तिकडं गावात बी पाजला, इकडं बी पाजतायसा. प्यायाचं पाणी कधी आणताव?" आई काही बोलली नाही. काय बोलणार? फुली मारायला खडू काढला आणि थांबली. पाचटाच्या कोपीला भिंत कुठली? शेवटी शेजारी उभ्या टायरगाडीच्या मागच्या फळीवर तिनं फुली काढली, खाली तारीख.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही गेलो. फड रिकामा. रातोरात टोळीला दुसरीकडची तोड लागली होती. चुलीची तीन दगडं आणि बैलांचं शेण. कुणी म्हणालं नदीपलीकडं, कुणी म्हणालं शिरोळकडं. आईनं रिकामा कॅरिअर उपकेंद्रात बदलून नवा बर्फ घेतला आणि मला घेऊन थेट कारखान्यावर गेली. गाडीतळावर दोन-अडीचशे गाड्या गव्हाणीच्या रांगेत उभ्या. आम्ही मायलेकी एकेका गाडीच्या मागं जाऊन फळी बघत होतो. फळ्यांवर खडूनं काय काय लिहिलेलं, आकडे, मुकादमांची नावं, देवाचं नाव. गाडीवान हसत होते. एकानं विचारलं, "बाई, काय हरवलं?" दिवेलागणीपर्यंत फिरलो. बर्फ वितळला.

घरी येऊन आईनं टॅली शीटवरच्या राहिलेल्या मुलांच्या रकान्यात एक असं लिहिलं. आत्यानं तो कागद बघितला आणि कोरा तक्ता पुढं ओढून सगळे आकडे परत आपल्या अक्षरात उतरवले, तो एकसुद्धा.

पुढच्या दसऱ्यानंतर टोळ्या आल्या, तेव्हा आम्ही पोरं बैलांची शिंगं बघायला रस्त्यावर धावलो. आई कडेला उभी राहून गाड्या पुढं जाऊ देत होती आणि प्रत्येकीची मागची फळी बघत होती.